कस्टर्डमध्ये अंडं नसल्याबद्दल तक्रार

साहेब, तुम्ही माझं कस्टर्ड भाषा विभागाकडं पाठवलंत. हे तुम्ही केलंत, तुमच्या सहीनं केलंत, आणि सही करताना फोनवर कुणाला तरी "हो हो, निघालोच" म्हणत होतात. मी टेबलाच्या अलीकडं उभा होतो. सगळं ऐकलंय. इकडं माझ्या पोरीची सासरची इज्जत टांगणीला लागलेली, आणि तुम्ही माझ्या अर्जावर 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शिक्का मारलात. मारलात तोही उलटा. तुमचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. तुमच्या टेबलावरची पाटी दुरुस्तीला गेली होती म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, कस्टर्डचा आणि पोरीच्या सासरचा काय संबंध? हे त्या दिवशी विचारलं असतंत तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. नाही विचारलंत, म्हणून आता हे सगळं वाचा.

मी सटवाजी पवळे, मुक्काम नांदेड, तरोडा नाका. बाजार समितीतून रिटायर झालो. शिक्षण विचारू नका, ते माझ्याकडं नाही. लेखक मात्र आहे. रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या जन्मकथा लिहितो. मानधन नाही, पण पासपोर्ट साइजचा फोटो छापतात. इंग्रजी मी रद्दीतून आणलेल्या एका डिक्शनरीवर शिकलो. तिची 'ए' आणि 'बी' ही दोन अक्षरं माझ्याकडं यायच्या आधीच उंदरांनी खाल्लेली होती, त्यामुळं माझं इंग्रजी 'सी'पासून सुरू होतं. मला 'अॅपल' कळत नाही, पण 'कस्टर्ड' कळतं. बाकीच्या गोष्टी मोबाइलवर शोधतो. विद्यापीठातले लोक मला हसतात. हसू द्या. त्यांचे लेख त्यांच्या बायकाही वाचत नाहीत. (माझीही वाचत नाही. पण तो मुद्दा वेगळा.)

पोर माझी पुनम, उदगीरला दिली. दिली म्हणजे तिनं ठरवलं आणि आम्हाला कळवलं. जावई मन्मथ तिच्याच बँकेत. पोरगा शांत, निर्व्यसनी, जरा जास्तच शांत. त्यांच्या घरी गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि स्वयंपाकघरात अंडं हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. आमच्याकडं रविवार म्हणजे कोंबडी, आणि बाकीच्या दिवशी कोंबडी येईपर्यंत तिची अंडी. सोयरीक ठरायला बसलो तेव्हा विहीणबाई कमलम्मा एवढंच बोलल्या, "जात बघत न्हाई, हुंडा घेत न्हाई. माझ्या चुलीवर अंडं चढू नये. पोरीनं शब्द द्यावा."

पुनमनं शब्द दिला. विषय तिथं संपला होता. पण मी लेखक. मी कुणी विचारलेलं नसताना उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "इहीणबाई, आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही, आणि खोटं लिहायची तर मुळीच नाही."

कमलम्मांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मला वाटलं, छाप पडली. ती पडली, आणि पुढं माझ्याच डोक्यात पडली.

पहिले सहा महिने कमलम्मा सुनेला काही बोलल्या नाहीत. वाईट नाही, चांगलंही नाही. मग एका सोमवारी उपास सोडायला पुनमनं कस्टर्ड केलं. दुकानातल्या डब्यातली पिवळी पावडर, म्हशीचं दूध, वर केळी, डाळिंब, चिकू. कमलम्मांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "ह्याला काय म्हन्तेत?" त्या दिवसापासून दर सोमवारी त्यांच्या घरी कस्टर्ड. शेजारणी बोलावून खाऊ घातलं. "माझी सून कस्टर करती," असं देवळातसुद्धा सांगितलं. पुनमनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज, साहेब, दहावीचा निकाल लागला होता तेव्हासुद्धा इतका खूश नव्हता.

माझी छाती फुगली, आणि छाती फुगली की मी लिहितो. ताबडतोब 'सी' काढला.

लेख उत्तम झाला होता. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. कस्टर्ड हे नाव आलं पावाच्या कडेवरून. म्हणजे 'क्रस्ट', भाजलेलं कवच. फ्रान्सकडून इंग्रजांकडं हा शब्द गेला तेव्हा कस्टर्ड म्हणजे कणकेची भाजलेली वाटी, आणि तिच्यात दूध, अंडी, कधी मांस, कधी खजूर. नाव वाटीचं होतं, आतल्या ऐवजाचं नव्हे. मग हळूहळू लोकांनी वाटी टाकून दिली आणि नाव ऐवजाला चिकटलं. म्हणजे वाडा पडला, पण पोस्टमन अजून तोच पत्ता शोधतोय. पुढं मी लिहिलं की दूध आणि अंडं, अंड्याशिवाय कस्टर्ड जमायचंच नाही. आणि मग शेवटच्या तेरा ओळी. जवळजवळ एकशे नव्वद वर्षांपूर्वी बर्मिंगहॅम गावात एक औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही. तिला कस्टर्ड खाता यावं म्हणून त्यानं मक्याच्या पिठाची, अंडं नसलेली पावडर काढली. तीच आज आपल्या डब्यात आहे. म्हणून, वाचकहो, आपल्या वाटीत ना कवच आहे ना अंडं, नुसतं नाव आहे. असा लेख.

रविवारी पेपर आला. माझी सवय अशी की आधी फोटो बघायचा. फोटो नीट आला होता, या खेपेला दोन्ही कान दिसत होते. मी लगेच पानाचा फोटो काढला आणि 'सोयरेधायरे' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'विहीणबाईंना सप्रेम.' मग चहा घेतला. लेख मी वाचला नाही. मीच लिहिलेला, मला काय त्यात नवीन?

साडेदहाला पुनमचा फोन.

"बाबा, काय लिहून बसलाव?"

"आवडला का?"

"शेवटचं वाचा. मोठ्यानं वाचा. मी थांबते."

मी वाचलं. मथळा होता, 'तुम्ही कस्टर्ड नव्हे, अंडं खाताय!' मथळा माझा नव्हता. लेखाचा शेवट होता, 'अंड्याशिवाय कस्टर्ड जमायचंच नाही.' पुढं तेरा ओळींच्या जागी एका युवा नेतृत्वाचा वाढदिवस होता. नेतृत्व गॉगल लावून, दोन्ही हात जोडून, माझ्या औषधवाल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या छातीवर उभं होतं.

पुनम रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. बँकेत गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात ती म्हणाली, "अम्मांनी परत डोक्यावरून अंघोळ केली. घरातली सगळी भांडी चिंच लावून घासली. आता त्या स्वतःची भाकर वेगळ्या शेगडीवर करायल्यात. मला एक शब्द बोलल्या न्हाईत. आणि मन्मथला म्हणाल्या, धोंड्याला नांदेडला जायचं न्हाई."

साहेब, तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगतो. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला जावई आला नाही तर काय झालं हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. गल्ली स्वतःच ठरवते, आणि पोरीच्या बाजूनं कधीच ठरवत नाही. महिना संपायला पंधरा दिवस होते.

"बाबा, तुम्ही लिहिलाव, तुम्हीच निस्तरा," म्हणून पुनमनं फोन ठेवला.

मी लगेच कमलम्मांना फोन लावला. म्हणालो, "इहीणबाई, डब्यावर हिरवा ठिपका आहे. हिरवा म्हणजे शाकाहारी. सरकारचा नियम आहे."

"इवाई, ठिपका कुनीबी छापतंय."

"पण खरंच त्यात अंडं नाही."

"मग तुम्ही पेपरात लिवलाव ते खोटं म्हनू का?"

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"तुम्ही लग्नात काय बोललाव, मी इसरले न्हाई. इवाई खोटं लिवत न्हाईत. मी सगळ्यांला सांगितलंय."

बघा साहेब, माझी अवस्था. एकवीस वर्षं लिहितोय. माझा शब्द न् शब्द खरा मानणारा एक वाचक मला आयुष्यात मिळाला, तो उदगीरला, आणि तो माझ्या पोरीच्या हातचं जेवेना.

मी पेपरच्या ऑफिसात गेलो. संपादक म्हणाले, "खुलासा छापू की, पवळे. दोन ओळी. 'हरवले आहे'च्या खाली जागा आहे."

"काय छापाल?"

"लेखकाच्या नजरचुकीमुळं..."

"नजरचूक माझी? ओळी तुम्ही कापल्या!"

"ओ, जाहिरातीची नजरचूक होत नसते," असं ते म्हणाले. मी ताठ मानेनं बाहेर पडलो. ताठ मानेमुळं उंबरा दिसला नाही आणि चप्पल तुटली, पण मी मागं वळून बघितलं नाही. एक चप्पल हातात घेऊन आयटीआयपर्यंत स्वाभिमानानं चालत आलो. घरी बायको उज्वला सगळं ऐकून म्हणाली, "दोन ओळीत पोरीचं घर नीट होत असंल तर एका ओळीत करा म्हणायचं की हो." तिला लेखन म्हणजे काय हे कळत नाही, असं मी तिला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

आमच्या शेजारी निजामोद्दीनभाई राहतात. चाळीस वर्षं त्यांनी दावतींचा स्वयंपाक केला, आता गुडघ्यांमुळं घरी असतात. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अंडा? कस्टर में? सटवाजीभाई, हजार-हजार आदमी के वलीमे का कस्टर बनाया मैं. अंडा डालता तो फोडनेकोच दस आदमी लगते!"

"हे तुम्ही उदगीरला येऊन सांगाल?"

"मैं बोलूँगा तो कमलम्मा मानेंगी? पेपर पे भरोसा है उनका, बावर्ची पे नहीं. आप ऐसा करो. दोनों बनाओ. अंडेवाला अलग, डब्बेवाला अलग. फोटो भेजो. देखनेवाले को फरक दिखताच है."

मला हे शास्त्रीय वाटलं. मी त्याच्यापुढं एक पायरी गेलो. म्हटलं, अंड्याचं कस्टर्ड करायचं तर मूळचं करू, कणकेच्या वाटीतलं, म्हणजे फरक ठसठशीत दिसेल. निजामोद्दीनभाई खुर्चीवर बसून सूचना देत होते, मी करत होतो. उज्वलानं पोथी लावली आणि दार लोटून घेतलं. कणकेची वाटी कुकरच्या भांड्यात भाजली, ती एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची. दुधात अंडी घातली ती गरम दुधात. "हल्लू, हल्लू!" असं निजामोद्दीनभाई ओरडेपर्यंत अंड्याची भुर्जी होऊन वर तरंगायला लागली. तरी मी धीर सोडला नाही. नवीन दूध, नवीन अंडी. फोडताना म्हटलं, "काढा फोटो." त्यांनी काढला. मी तो 'खरं कस्टर्ड' असं लिहून ग्रुपवर टाकला, दुसरा फोटो पावडरच्या कस्टर्डचा टाकणारच होतो.

पाच मिनिटांत ग्रुपवर मन्मथचा निरोप आला. शांत पोरगा, चारच शब्द: 'मामा, फोटो काढून टाका.'

मी फोटो मोठा करून बघितला. मी अंडं फोडून राहिलोय, तोंडावर हसू, आणि अंड्याच्या बरोबर शेजारी, ओट्यावर, तोच कस्टर्डचा पिवळा डबा. लेबल समोर. कुठल्याही कंपनीनं जाहिरातीत इतकं नीट लेबल दाखवलं नसेल.

"अम्मा म्हणायल्यात," पुनम फोनवर म्हणाली, "डबा त्योच हाय."

"पोरी, तो डबा दुसऱ्या कस्टर्डसाठी..."

"बाबा, तुम्ही आता काहीच करू नका. हात जोडते."

पण काहीच न करणं मला कसं जमावं? संध्याकाळी फाटकापाशी हणमंतराव भेटले. निवृत्त मंडळ अधिकारी. त्यांचं मत असं, की माणूस मेला हेसुद्धा दाखल्याशिवाय मानू नये. ते म्हणाले, "तोंडी काय भांडून राहिलात? सरकारी कागद आणा. अन्नाचं ऑफिस आहे, तिथं डबा तपासून द्या. गोल शिक्का बघितला की बाई माणूस गप्प."

पुनमला 'कागद आणतो' असा निरोप टाकला, आणि अशा रीतीनं, साहेब, मी तुमच्या दारात आलो.

बाहेरच्या टेबलावर एक मॅडम होत्या. मी डबा पुढं ठेवला. "यात अंडं नाही असं लिहून द्या."

"आम्ही असं लिहून देत नाही. तक्रार आली तर नमुना घेतो."

"मग तक्रार घ्या."

"कशाची? यात अंडं आहे अशी?"

"नाही, अंडं नाही."

"अंडं नाही, तर तक्रार काय?"

मी विचार केला. खोटी तक्रार करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खरी तक्रार एकच होती. मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला: 'सदर डब्यावर कस्टर्ड असे छापलेले असून आत अंडं नाही. तसेच कवचही नाही. ज्या दोन वस्तूंवरून हे नाव चालत आले त्या दोन्ही वस्तू आत नसताना सदर नाव कसे काय वापरण्यात येते, याची तपासणी होऊन अंडं नसल्याचे लेखी कळवावे.' मला अर्ज फार आवडला. मॅडमनी तो दोनदा वाचला, मग पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला वाचायला दिला, मग दोघांनी पाणी प्यायलं.

"नावाबद्दल म्हणता, त्याला पुरावा?"

मी माझ्या लेखाची मूळ प्रत जोडली. हातानं लिहिलेली, त्या तेरा ओळींसकट. जगातली एकमेव. झेरॉक्स काढून आणतो म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "मूळच लागते."

तिसऱ्या दिवशी तुमचा उलटा शिक्का. बाब नावासंबंधी असल्यानं भाषा विभागाकडं. म्हणजे मुंबई. मी म्हणालो, निदान माझं पान परत द्या. तुम्ही म्हणालात, "ते प्रकरणाला लागलंय. माहिती अधिकारात अर्ज करा. तीस दिवस." महिना संपायला पाच दिवस राहिले होते.

घरी येऊन मी खाटेवर पडलो. उज्वलानं पिशवी भरली आणि म्हणाली, "उठा. उदगीरला जाऊ."

"कागद नाही."

"तोंड हाय ना?"

लोहा, कंधार, जळकोट, एसटीनं अंगातलं पाणी काढलं. उन्हानं खिडकीचा गज धरवत नव्हता. मी वाटेत एकवीस प्रकारची वाक्यं जुळवली. उदगीरला कमलम्मांनी दारात पाणी दिलं, सतरंजी टाकली, स्वतः समोर खांबाला टेकून बसल्या. मन्मथ दारात उभा. पुनम स्वयंपाकघराच्या चौकटीत, आत नाही, बाहेर नाही. तिला असं माझ्यापुढं कधी उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं. जुळवलेली एकवीसही वाक्यं गेली.

"कागद आनलाव?" कमलम्मा.

"सायबानं ठेवून घेतला."

"त्या सायबाला कस्टर येतंय का?"

"न्हाई."

"मग ठेवून काय करतंय त्यो?"

साहेब, याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर कळवा.

"त्याच्यात काय लिवलेलं हुतं?"

"तेच तर, इहीणबाई. पेपरवाल्यानं शेवटच्या तेरा ओळी कापल्या. त्यातच खरं होतं."

"मग लिवा की परत. तुम्हीच लिवलाव न्हवं? का सायबानं लिवलं हुतं?"

मी उज्वलाकडं बघितलं. उज्वला छताकडं बघत होती. साहेब, दहा दिवस मी संपादकाकडं, तुमच्याकडं, मॅडमकडं पळत होतो, आणि माझ्याच हातचं अक्षर माझ्याच हातात होतं हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे हणमंतरावांनी सांगितलं नाही. माझं मला सुचायला हवं होतं म्हणता? मला वाटलं होतं, शिक्क्याशिवाय अक्षर खरं होत नाही. शब्दांच्या जन्मकथा लिहिणाऱ्याची ही तऱ्हा.

मन्मथनं पेन दिलं आणि कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान. मी मांडीवर धरून लिहायला लागलो. कमलम्मा हातभर अंतरावरून बघत होत्या. वाचक इतक्या जवळ बसलेला मी कधी अनुभवला नाही. अलंकार सुचेना, तेरा ओळींच्या सहाच झाल्या. पान पुनमकडं दिलं. तिनं चौकटीतूनच मोठ्यानं वाचलं. एक औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. तिला कस्टर्ड खावंसं वाटायचं. म्हणून त्यानं बिनअंड्याची पावडर तयार केली. तीच ही पावडर. हे सटवाजी पवळे लिहून देतो.

कमलम्मांनी पान हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाल्या, "पेपरवाल्यानं हेच का कापलं? ध्यानात ठेवायचं तर हेच हुतं."

"कुणाचा तरी वाढदिवस होता."

"अय्यो." आणि पुढं, "बायकोला सोसत न्हाई, हे त्या नवऱ्याला कसं कळालं?"

"तिनं सांगितलं असेल."

"बायका सांगतेतच. त्यानं ऐकलं, म्हना."

मग त्या पुनमकडं वळल्या. "तू लग्नाआधी अंडं खात हुतीस?"

पुनमनं माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोल म्हणून डोळ्यांनी खुणावणार होतो, पण तिनं वाट बघितली नाही. "हाव, अम्मा. रोज. मला लई आवडायचं."

"मग?"

"तुम्हाला शब्द दिला तवापासून न्हाई. माहेरी गेले तरी न्हाई."

"हौदु," उज्वला पहिल्यांदा बोलली. 'हो'साठीचा हा एक कानडी शब्द तिनं विहिणीकडून उचललेला. "दिवाळीला आली तवा हिच्यासाठी केलेलं आम्लेट ह्यांनीच खाल्लं."

कमलम्मा उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चौकटीपाशी गेल्या आणि पुनमला खांद्याला धरून आत ढकललं. "जा, दूध ठेव. मी दहा दिवस डब्यात बघून राहिले. बघायचं हुतं दुसरीकडंच." आणि मन्मथला, तोंड न वळवता, "शनवारी धोंड्याला जायचं नांदेडला. कपडे काढून ठेव. आन् तू बायकोसाठी काय सोडलास, त्ये जाताना गाडीत आठव."

पोरगं खाली मान घालून आत गेलं. आतून पातेल्याचा आवाज आला, मग पुनमनं नाक ओढल्याचा. आता रडली, बरं झालं.

मी परत फुगलो होतो. साहेब, लेखणीची ताकद बघा, सहा ओळींत! मी पाय लांब करून बसलो आणि औषधवाल्याबद्दल आणखी सांगायला लागलो. कवचाचं, फ्रान्सचं. आपला धोंडासुद्धा बाहेर कणीक आणि आत पुरण, म्हणजे मूळ अर्थानं बघितलं तर धोंडा हेच खरं कस्टर्ड, हा माझा नवा शोधही सांगितला. कुणी ऐकत नव्हतं. कमलम्मा उज्वलाशेजारी येऊन बसल्या होत्या.

"इहीन, तुम्हाला काय सोसत न्हाई?" त्यांनी सहज विचारलं.

"वांगं," उज्वला म्हणाली. तिनंही सहजच सांगितलं. "तोंड खाजतं, अंगावर गांधी उठतात. पहिल्यापासून."

मी हसलो. "अगं, काय बोलतेस? आपल्याकडं दर दोन दिवसांनी वांगं असतं."

"तुमच्या ताटात असतं."

"आणि तू?"

"मी चटणीसंग खाते."

"कधीपासून?"

"एकतीस वर्षं झाली की हो आता."

आतून पुनमचा आवाज आला, दूध ढवळता ढवळता, "बाबा, हे तुम्हाला खरंच माहीत न्हाई?"

कमलम्मांनी माझ्याकडं बघितलं. लग्नात हात जोडून बघितलं होतं, त्यातलं आता काही उरलं नव्हतं. कॅलेंडरचं पान त्यांनी चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मला वाटतं, ते माझ्यावरच्या विश्वासापोटी नव्हतं.

शनिवारी जावई आला, तेहतीस धोंड्यांचं वाण घेऊन गेला. कमलम्माही आल्या आणि पुनमनं आमच्या ओट्यावर केलेलं कस्टर्ड सगळ्यांसमोर दोन वाट्या खाल्ल्या, तेव्हा गल्लीला जे ठरवायचं ते गल्लीनं ठरवलं. भाजी दोडक्याची होती. ती मी आणली होती. आणताना भाजीवाल्या कस्तुराबाईंनी सवयीनं अर्धा किलो वांगी तोलली होती, ती मी परत दिली, तर त्या म्हणाल्या, "ताईला सोसत न्हाई, ह्ये आज कळालं व्हय तुम्हाला?" म्हणजे साहेब, भाजीवालीलाही माहीत होतं.

तर आता तुमच्याकडं येतो. माझं मूळ पान तुमच्याकडंच असू द्या. मुंबईला पाठवा, दिल्लीला पाठवा, मला नको. कस्टर्डमध्ये अंडं आहे की नाही हेही तुम्ही आता सांगू नका. मला वेगळीच माहिती हवी आहे, आणि ती तुमच्याच कार्यालयातली, तुमच्याच खुर्चीतली आहे, तेव्हा संबंधित नाही असं म्हणता येणार नाही. तुमच्या घरातल्या बाईमाणसाला काय सोसत नाही? घरी फोन न लावता, कुणाला न विचारता, आत्ता, याच कागदाच्या मागं, स्वतःच्या हातानं लिहून द्या. लिहिता येतंय का?